गढीवरचं सारवण

गोदीला बसवत नसे. खोदकामावरच्या बाकीच्या बाया अकराचा चहा हातात आला की मातीच्या ढिगाला पाठ टेकायच्या आणि दोनदा हाक मारल्याशिवाय उठायच्या नाहीत. गोदी उभ्यानेच चहा प्यायची, कप उपडा घालायची आणि पुन्हा खड्ड्याच्या कडेला जाऊन आत वाकून बघायची. "तुझे पायाला भिंगरी बांधलीय का गं?" त्यांच्यातली ठकी रोज विचारायची. गोदी रोज "हूं" म्हणायची आणि तशीच उभी राहायची.

खोदकाम चाललं होतं ते उंबरमाळच्या गढीवर. खोडाळ्याच्या बाजारापासून जीपने अर्धा तास, पुढे पायी चढ, मग हे टेकाड. वर कुण्या जुन्या राजाची गढी होती म्हणतात. राजाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्याने पुरलेल्या सोन्याच्या हंड्यांचा आकडा गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. सात. गेल्या पन्नास वर्षांत निम्म्या गावाने तिथे गुपचूप कुदळ मारून बघितली होती, आणि प्रत्येक जण ही गोष्ट दुसऱ्याबद्दल सांगायचा.

पुण्याहून योगिता मॅडम कागदपत्रं आणि तंबू घेऊन आल्या, तेव्हा गावाला वाटलं, आता हंडे निघणार. निघाल्या त्या खापऱ्या. पोतीच्या पोती खापऱ्या. मॅडमबरोबरची प्रतिक्षा नावाची विद्यार्थिनी त्या धुवायची, वाळवायची, त्यांच्यावर बारीक अक्षरात आकडे घालायची. संक्रांतीपर्यंत गावाचा उत्साह मावळला आणि टेकाडावर फक्त मजुरीला आलेली माणसं उरली.

गोदीला लोकांनी तिथे बघितलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. दिवाळी झाली की गोदी आणि तिचा नवरा सोन्या भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. यंदा गोदीने सोन्याला सांगितलं, "तू जा. मी गढीवर जाते कामाला." सोन्याने कारण विचारलं नाही. घराजवळ काम मिळत असताना भट्टीवर कोण जाईल, असं त्याला वाटलं असावं. खरं कारण गोदीने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला गढी नको होती. तिला गढीकडे जाणारी वाट हवी होती.

ती वाट बुधा गुरुजींच्या आंब्याच्या बागेतून जाते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते, आता निवृत्त. गढीचं टेकाडही त्यांच्याच सातबाऱ्यावर आणि टेकाडाखालची सपाटीही. सपाटीवर त्यांनी अकरा वर्षांपूर्वी आंबे लावले, वीस-वीसच्या चार रांगा, सुतळी धरून. वाटेला लागून असलेल्या पहिल्या रांगेत मात्र एकोणीसच झाडं आहेत. बाराव्या आणि तेराव्या झाडाच्या मध्ये एका झाडाची जागा मोकळी आहे. "गुरुजींचे बागेचा दात पडलाय," असं सगळं गाव म्हणतं, आणि गुरुजी म्हणतात, "रोप मेलं. दुसरं लावीन." अकरा पावसाळे गेले, त्यांनी दुसरं काही लावलं नाही. इतक्या टापटिपीच्या माणसाने ते कसं खपवून घेतलं, याचीही गावाने थट्टा करून झाली होती.

आंबे लागायच्या आधी त्या सपाटीवर तीन झोपड्या होत्या. एक गोदीची होती. जमीन गुरुजींची, कूड आणि छप्पर गोदीचं, असा मामला. त्या झोपडीत तिची मुलगी अडीच महिन्यांची होऊन भर श्रावणात गेली. ताप आला, दवाखान्याची गाडी ओहोळाला पाणी होतं म्हणून पलीकडेच थांबली, आणि पोर अलीकडे संपली. नाव ठेवायचं राहिलंच होतं. गोदीच्या माहेरी दात न आलेलं मूल गावाबाहेर नेत नाहीत. मडक्यात ठेवायचं, वर झाकण, आणि घरातच चुलीशेजारी पुरायचं, म्हणजे त्याला ऊब लागते. मग आई त्या जागेवर रोज सारवते. गोदीने सारवलं. रोज, न चुकता, फाल्गुनापर्यंत.

फाल्गुनात गुरुजी आले. फळबागेची योजना मंजूर झाली होती. ओरडले नाहीत, धमकावलं नाही, उलट ओहोळापलीकडे नवी झोपडी उभारायला बांबू दिले. पण जा म्हणाले. सोन्याने छप्पर उतरवलं. गोदीने शेवटचं सारवलं आणि गेली. गुरुजींना तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी उकरून बाहेर काढायला लावलं असतं, शांत करायला भगत बोलावला असता, अशी तिला भीती वाटली. नंतर सपाटीवर नांगर फिरला, दगड उचलले गेले, काटेरी कुंपण पडलं. कुंपणाच्या आत जायला तिला काहीच निमित्त उरलं नाही.

अकरा वर्षांनी खोदकामासाठी गुरुजींनी कुंपणाला वाट दिली, तेव्हा ती सकाळ-संध्याकाळ त्या बागेतून जायला लागली. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, पाय आपोआप ओळखतील. ओळखलं नाही. झोपडीच्या दारातला मोठा दगड नव्हता, मागची करवंदीची जाळी नव्हती, सगळं सारखं सपाट आणि सगळीकडे आंबेच आंबे. पोर अजून तिथे आहे, की नांगराने फुटून बांधावर फेकली गेली, की कुठल्या आंब्याच्या मुळात गेली? रोज दोनदा हाच प्रश्न घेऊन ती त्या रांगांमधून चालायची, आणि तिचा पाय कुठेच टिकायचा नाही.

खोदकामावर ती घमेली वाहायची. मग एक दिवस प्रतिक्षा तीन नंबरच्या खड्ड्यात थापीने माती खरवडत होती आणि गोदी वरून ओरडली, "ए बाय, थांब! जमीन लागली." प्रतिक्षाला काही दिसेना. मॅडमनाही दिसेना. गोदी खाली उतरली, तळहात टेकवला आणि म्हणाली, "ही घरातली जमीन हाय. सारवलेली. वरची माती भुसभुशीत लागते, ही थंड लागते." मॅडमनी वाकून, गुडघे टेकून, तिरक्या उन्हात बघितलं. खरंच होतं. त्या दिवसापासून गोदीच्या हाती घमेल्याऐवजी थापी आली. ठकी चार दिवस तिच्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी तंबाखू मागायच्या निमित्ताने बोलली.

पंधरा दिवसांत गोदीने ती सगळी खोली मोकळी केली. भिंतींचे पाये, एक उखळाचा खळगा, कोपऱ्यात तीन दगडांची चूल, आत राख. मॅडम म्हणाल्या, गढीच्या काळातली खोली आहे, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची, राजाच्या नव्हे, त्याच्याकडे राबणाऱ्या कुणाची तरी. जमिनीवर एका जागी बोटांचे वळसे सुद्धा टिकून होते. गोदी त्यांच्यावरून आपली बोटं फिरवायला गेली तर ती उलटी पडायला लागली. "डावरी होती," ती म्हणाली. "डाव्या हातानं सारवीत होती बाय." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. त्या रात्री गोदीला बरी झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिवाची घालमेल सुरू झाली.

कारण दुसऱ्या दिवशी कान सापडला.

खड्ड्याच्या कोपऱ्यात उंदरांनी खालची माती वर काढली होती, त्या मातीत. मनगटाएवढा जाड, मातीचाच, पण इथल्या मातीचा नव्हे. मॅडमनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की सगळी माणसं कामं टाकून जमली. हा दारूच्या रांजणाचा कान आहे, त्या सांगू लागल्या, रोमहून आलेल्या. दोन हजार वर्षांपूर्वी गलबतातून सोपाऱ्याच्या बंदरात उतरला असेल, आणि घाट चढून नाशिककडे नेताना इथल्या कुठल्यातरी मुक्कामात फुटला असेल.

"येवढे लांबून आणला नि इथं फोडला?" ठकी म्हणाली. "हमाल आमचेच असतील."

सगळे हसले, मॅडमही हसल्या. पण त्या कानाने सगळं बदललं. गढीच्या खाली आणखी जुनी वस्ती आहे, हे नक्की झालं. परवान्याचे आठ दिवस उरले होते. पुण्याहून फोन यायला लागले, जव्हारचा एक बातमीदार फोटो काढून गेला. मॅडमनी सांगितलं, होळीच्या सुट्टीनंतर मंगळवारी या जमिनीतून प्रतिक्षा नमुने घेईल, फोटो होतील, आणि लगेच ती कापून खाली जायचं.

"कापायची?" गोदीने विचारलं.

"त्याशिवाय खालचं कसं दिसणार?"

"पण म्याडम, ह्या घर हाय कोणाचं तरी."

"आहे ना. म्हणून तर आधी सगळं नोंदून घेतोय." मॅडम चांगली बाई. त्यांनी गोदीच्या खांद्यावर हात ठेवला. पण त्यांची नजर त्या कोपऱ्याकडेच होती, हे गोदीला कळलं.

होळीला मॅडम आणि प्रतिक्षा नाशिकला गेल्या. गोदीने आपली झोपडी सारवली, चूल सारवली. मग सकाळच्या उन्हात दारात उभी राहून ती टेकाडाकडे बघत बसली, म्हणजे उभीच राहिली. सणाला चूल बिनसारवलेली ठेवत नाहीत. ती डावरी तर आता येऊन सारवणार नव्हती. उद्यापरवा सगळं कापून फेकायचंच आहे, तर निदान सणाची एक बोळवण तरी व्हावी, असं काहीसं तिच्या मनात आलं. नक्की काय आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने पाटीत शेण घेतलं, हंड्यात पाणी घेतलं, टेकाड चढली, ताडपत्री बाजूला केली, आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत ती सगळी जमीन व्यवस्थित, पातळ, एकसारखी सारवून काढली. चूलही सोडली नाही. संध्याकाळी पुन्हा पाणी शिंपडून वरून हात फिरवला. मग ताडपत्री घालून खाली आली.

मंगळवारी सकाळी ताडपत्री निघाली आणि प्रतिक्षा मटकन खाली बसली.

"हे कुणी केलं?" मॅडमचा आवाज तीन महिन्यांत पहिल्यांदाच चढला होता. विचारायची गरज नव्हती. त्या टेकाडावर इतकं देखणं सारवण करणारी दुसरी बाई नव्हती, आणि गोदीच्या नखांत अजून शेण होतं. "गोदी, अगं काय केलंस हे! या मातीतून आम्ही दाणे शोधणार होतो. त्या लोकांनी काय खाल्लं, काय पेरलं. आता आमच्या परीक्षेत काय येणार, तर तुझ्या गाईने काल काय खाल्लं! पाचशे वर्षं ही जमीन कुणी हात न लावता राहिली होती..."

"हात न लावता कशी, म्याडम?" गोदी म्हणाली. तिला उलट बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "रोज हात लावून तं झालीय."

मॅडमनी तिच्या हातातली थापी काढून घेतली आणि तिला चाळणीवर पाठवलं. प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. गोदी चाळण हलवत राहिली, माती खाली पडत राहिली, आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की चहालाही ती गेली नाही. आपण हे का करून बसलो? जिथे सारवायला हवं होतं तिथे सारवता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात जाऊन सारवलं. दुसरं काय?

साडेअकराला ऊन खड्ड्यात उतरलं. सारवण कडेपासून वाळत आलं, फिकट पडलं. मॅडम वर उभ्या राहून, आता काय वाचवता येईल ते बघत होत्या. आणि मग त्या पुढे वाकल्या. सगळी जमीन वाळली होती, पण चुलीच्या डाव्या अंगाला, जेवणाच्या ताटाएवढी एक जागा काळी, ओलीच होती. तिच्याभोवती केसाएवढी भेग गोल फिरली होती.

"प्रतिक्षा, खाली बघ. इथं घट्ट जमीन नाही. इथं खड्डा घेऊन पुन्हा भरलाय. आपल्याला हा दिसलाच नव्हता."

गोदीने चाळण खाली ठेवली. चुलीच्या डाव्या अंगाला. तिला तिथल्या तिथे कळलं की खाली काय आहे.

प्रतिक्षाने त्या गोलाचा अर्धा भाग अलगद कापला. कापलेल्या कडेला सारवणाचे थर दिसले, वहीच्या पानांसारखे एकावर एक. मॅडमनी भिंग लावून मोजायला सांगितले. खोलीत इतरत्र बावीस थर होते. या ताटाएवढ्या जागेवर एकसष्ट होते. "भरलेली माती दबत जाते," मॅडम म्हणाल्या, "म्हणून पुन्हा पुन्हा लिंपावं लागतं." कडेला येऊन उभी राहिलेली गोदी म्हणाली, "हां. तसंही असंल."

मग थापी खापरीला लागली. टण् असा बारीक आवाज झाला. मडक्याचा गळा होता, त्यावर मातीचा पसरट परळ उपडा झाकलेला.

आवाज कसा पसरतो देव जाणे. अर्ध्या तासात गाव टेकाडावर होतं. "हंडा! हंडा लागला!" पहिले आलेले धापा टाकत, मागचे पुढच्यांना ढकलत. त्यांच्यामागून बुधा गुरुजी आले, काठी न घेता, पायात चप्पल नाही. इतरांसारखी त्यांनी ढकलाढकली केली नाही. त्यांनी मडक्याचा गळा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"उघडू नका," ते म्हणाले.

"गुरुजी, तुमच्या जमिनीतलं आहे, पण कायद्याने..." मॅडमनी सुरुवात केली.

"कायद्याचं नाही बोलत मी. उघडू नका."

"सोनं नाय त्यात," गोदी म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. ती खड्ड्याच्या काठावर उभी होती आणि तिचा आवाज स्वच्छ होता. "पोर हाय. दात न आलेलं. आमचे माहेरी असंच ठेवतात, चुलीशेजारी. ऊब लागते म्हणून. वरून आई सारवते."

मॅडमनी हळू विचारलं, "तुला कसं माहीत, गोदी?"

"माझी हाय ना एक."

"कुठे?"

गोदीने गुरुजींकडे बघितलं नाही. तिने हनुवटीने खाली, आंब्यांकडे दाखवलं. "तेथ. कुठंशी. आता समजत नाय मना."

ठकीने तोंडाला पदर लावला. गेली दोन वर्षं त्या दोघी शेजारी राहत होत्या आणि ठकीला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

परळ उचलला. आत बारीक माती होती, आणि मातीत कोंबडीच्या हाडांएवढी हाडं, आणि शंखाचा एक मणी. गावातली माणसं एकेक करून निघून गेली. मॅडम बराच वेळ वहीत लिहीत राहिल्या. मग त्या गोदीजवळ आल्या. त्यांनी थापी तिच्या हातात दिली.

"मला ते पुण्याला न्यावं लागेल, गोदी."

"हलवूं नका, म्याडम. आईनं ठेवलंय."

"मला कळतंय. पण आता गावाला ठाऊक झालंय. आम्ही गेल्यावर कुणीतरी हंड्यासाठी येऊन फोडेलच. आहे ना भीती?"

गुरुजी अजून तिथेच होते. ते खाली बघायला लागले.

"परत आणाल?" गोदीने विचारलं.

मॅडम खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. "ते माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. मग गोदी स्वतः खड्ड्यात उतरली. मडकं तिने सोडवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि कापूस भरलेल्या खोक्यात ठेवलं. प्रतिक्षाने खोक्यावर आकडा घातला. रिकाम्या खळग्याकडे बघून गोदीला रडू कोसळलं. त्या डावरीसाठी रडत होती की स्वतःसाठी, हे तिने कशाला वेगळं करावं?

पाच वाजता काम सुटलं. ऊन अजून चांगलं होतं. गोदी आणि ठकी बागेच्या वाटेला लागल्या, तर पहिल्या रांगेपाशी गुरुजी उभे होते. "ठके, तू हो पुढे," ते म्हणाले. ठकी गेली, पण दर पाच पावलांनी मागे बघत गेली.

गुरुजी चालू लागले. सहा, सात, आठ. गोदी मागोमाग. बाराव्या झाडाशी ते थांबले आणि त्यांनी मोकळ्या जागेकडे बोट केलं.

"रोप मेलं नव्हतं, गोदे. लावलंच नाही मी."

गोदीला शब्द कळले, अर्थ कळायला वेळ लागला.

"तुम्ही गेल्यावर खड्डे घेत होतो. दुपारची वेळ, गडी जेवायला गेलेले. कुदळ खापरीला लागली, आज लागली तशीच. मला वाटलं, हंडा." गुरुजींना तोंड वर करवत नव्हतं. "तीस वर्षं शाळेत पोरांना सांगितलं, सोनंबिनं काही नाही, सगळ्या थापा आहेत. आणि त्या दिवशी चारी बाजूंना बघितलं, कुणी नाही म्हटल्यावर झाकण उचललं. दोऱ्यात दोन मणी होते. एक काळा..."

"एक लाल," गोदी म्हणाली.

"एक लाल. मग झाकण ठेवलं. माती लोटली. हलवलं नाही, गोदे. बोटसुद्धा आत घातलं नाही. त्या दिवसापासून इथं नांगर घातला नाही, खत घातलं नाही. पोरगा दरवर्षी भांडतो, इथं झाड लावा म्हणून."

गोदीला आधी राग आला. "अकरा वरसं!" ती ओरडली. "अकरा वरसं, गुरुजी! तुमचे कुंपणावरून मी जाते नि येते. तीन महिने इथून रोज दोनदा जाते, रडत जाते. तुमी ओटीवरून बघता. येक शब्द नाय सांगितला?"

"काय सांगणार होतो? तुझ्या पोरीच्या मढ्यावर सोनं शोधलं म्हणून? आधी घर उठवलं, मग हे." त्यांचा आवाज फुटला. "आज ती बाई म्हणाली ना, कुणीतरी येऊन फोडेल. तो कुणीतरी मीच आहे."

गोदीने चपला काढल्या आणि त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकलं. जागा टणक होती, पावसांनी चोपलेली, वर थोडा पाचोळा. तिने पाचोळा हाताने सारला. तळहात टेकवला.

थोड्या वेळाने तिने मान वर न करता विचारलं, "गोठ्यात शेण हाय?"

गुरुजी गेले ते जवळजवळ पळतच गेले. येताना एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली, धोतरावर पाणी सांडलेलं. त्यांनी बादली ठेवली आणि बाराव्या झाडाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. गोदीने शेण कालवलं, गाठी काढल्या, आणि ताटाएवढ्या जागेवर नाही, झोपडीतली चुलीची जागा जेवढी असते तेवढ्या सगळ्या जागेवर सारवलं. एका दमात, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, अर्धगोल वळसे घेत. एक थर झाला.

"उद्या?" गुरुजींनी विचारलं.

"उद्या पण. रोज ठेवा."

बागेच्या दुसऱ्या टोकाला ठकी थांबलीच होती. "गोदे, चल गं, उशीर होतो!" तिने हाक मारली. मग दुसरी मारली. गोदीने हात धुतले, सारवणाच्या कडेला मांडी घातली, आणि बसली.